वाचकांचे प्रश्न : नंतर बसवलेला क्रूझ कंट्रोल साथ का सोडतो?

लांब पल्ल्याच्या मोटारसायकलींवर नंतर बसवून घेतलेल्या क्रूझ कंट्रोलविषयी, म्हणजे ठरवलेला वेग आपोआप राखणाऱ्या यंत्रणेविषयी, आलेली काही पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. त्यांत परदेशस्थ मराठी वाचकांची पत्रे अधिक आहेत आणि ते स्वाभाविकच आहे, कारण तासन्‌तास एकाच वेगाने जाता येईल असे रस्ते आणि त्या रस्त्यांवर वर्षानुवर्षे चाललेल्या मोठ्या टूरिंग गाड्या तिकडे जास्त आहेत. सर्व पत्रांचा रोख जवळपास एकच आहे: यंत्रणा चालत नाही, तेव्हा कोणता भाग बदलावा? माझे उत्तरही बहुतेक वेळा एकच असते. भाग बदलण्याआधी यंत्रणा नकार का देते आहे ते शोधावे, कारण हा नकार पुष्कळदा बिघाड नसून सुरक्षेसाठी मुद्दाम ठेवलेली सोय असते.

प्रश्न : माझ्याकडे 2005 सालची होंडा एसटी 1300 आहे. आधीच्या मालकाने तिच्यावर ऑडिओव्हॉक्सचा सीसीएस-100 हा व्हॅक्यूमवर चालणारा क्रूझ कंट्रोल बसवला होता आणि तो उत्तम चालत असे. या उन्हाळ्यात मी ब्रेक लाइटचे जुने बल्ब काढून एलईडीचे बल्ब लावले. त्यानंतर क्रूझचे बटण चालू होते, पण ‘सेट’ दाबल्यावर काहीच होत नाही. गॅरेजमध्ये सर्व्हो (वेग राखण्यासाठी केबल ओढणारा भाग) खराब झाल्याचे सांगून नवा बसवण्याचा सल्ला मिळाला. बसवावा का? — एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : नवा सर्व्हो घेऊ नये. आपण पत्रात अगदी सहज केलेला एलईडी बल्बचा उल्लेख हेच बहुधा या दुखण्याचे मूळ आहे, आणि ते समजण्यासाठी सर्व्हो सुटतो कसा हे पाहावे लागेल.

सीसीएस-100 हा मुळात मोटारींसाठी तयार झालेला संच आहे. इंजिनाच्या इनटेकमधील, म्हणजे हवा आत घेणाऱ्या मार्गातील, व्हॅक्यूम सर्व्होमधल्या रबरी पडद्याला ओढतो आणि पडदा एका केबलद्वारे थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारी झडप, उघडतो. सर्व्होत एक व्हॉल्व्ह असा ठेवलेला असतो की, त्याला वीज मिळते आहे तोवरच तो बंद राहतो. वीज तुटली की तो उघडतो, बाहेरची हवा आत शिरते, पडदा सैल पडतो आणि थ्रॉटल आपल्या स्प्रिंगने मिटते. या व्हॉल्व्हच्या विजेचा मार्ग फार विचारपूर्वक आखलेला आहे. वीज ब्रेक स्विचच्या बॅटरीकडील बाजूने आत येते आणि जांभळ्या वायरमधून ब्रेक लाइटच्या बल्बकडे जाऊन, त्या बल्बच्या फिलामेंटमधूनच अर्थला, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाशी जोडलेल्या गाडीच्या सांगाड्याला, पोहोचते. व्हॉल्व्हला लागणारी वीज इतकी थोडी असते की तिने बल्ब पेटत नाही. आपण ब्रेक दाबला की जांभळ्या वायरवरही बॅटरीचे 12 व्होल्ट येतात, व्हॉल्व्हच्या दोन्ही टोकांना सारखाच विद्युतदाब होतो, प्रवाह थांबतो आणि क्रूझ तत्काळ सुटतो. विशेष म्हणजे बल्ब उडाला, वायर तुटली किंवा होल्डरमध्ये गंज चढला, तरी अर्थचा मार्ग बंद होऊन क्रूझ लागतच नाही. ब्रेक लाइट नसलेल्या गाडीला क्रूझ मिळू नये, ही त्यामागची दक्षता आहे.

आता एलईडीकडे येऊ. फिलामेंट थंड असताना त्याचा रोध एक-दोन ओहमच्या आतच असतो, म्हणजे व्हॉल्व्हच्या दृष्टीने तो जवळजवळ सरळ अर्थ असतो. एलईडी बल्ब ही वाट देत नाही, त्यामुळे सर्व्होला ब्रेक लाइट निकामी झाल्यासारखे दिसते आणि तो लागण्याचे नाकारतो. याची खात्री मल्टिमीटरने पाच मिनिटांत होते. इग्निशन बंद ठेवून सर्व्होकडची जांभळी वायर सोडवावी आणि तिच्यापासून गाडीच्या अर्थपर्यंतचा रोध मोजावा. जुने बल्ब असताना काट्याने जवळजवळ शून्य दाखवले असते. आता तो शेकडो वा हजारो ओहम दाखवील किंवा मार्गच तुटलेला दाखवील. त्याहून सोपी परीक्षा हवी असेल तर एका बाजूला तात्पुरता जुना बल्ब परत लावून मोकळ्या रस्त्यावर ‘सेट’ दाबून पाहावे. क्रूझ लागला तर सर्व्हो निर्दोष आहे.

यावरचा उपाय म्हणून बहुतेक जण पाच टोकांचा साधा 12 व्होल्टचा रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, लावतात. रिलेच्या कॉइलचे एक टोक, म्हणजे 86, ब्रेक लाइटच्या वायरला आणि दुसरे, म्हणजे 85, अर्थला जोडतात. सर्व्होची जांभळी वायर 30 या टोकाला, 87अ हे टोक अर्थला आणि 87 हे ब्रेक स्विचच्या बॅटरीकडील बाजूला जाते. ब्रेक न दाबता जांभळ्या वायरला पक्का अर्थ मिळतो आणि दाबल्यावर तिच्यावर 12 व्होल्ट येतात, म्हणजे सर्व्होला जुन्या बल्बचाच अनुभव येतो.

मात्र या उपायात एक उणीव आहे आणि ती मला महत्त्वाची वाटते. रिलेच्या कॉइलकडे येणारी वायर कुठे निसटली किंवा कॉइल जळाली, तर रिले तसाच पडून राहील, जांभळ्या वायरला अर्थ मिळत राहील आणि ब्रेक दाबूनही क्रूझ सुटणार नाही. मूळ रचना बिघडली तर क्रूझ बंद पडतो. रिलेची रचना बिघडली तर क्रूझ चालू राहतो. हा फरक लहान नाही. म्हणून माझा पहिला सल्ला असा की, निदान एका बाजूला फिलामेंटचा बल्ब कायम ठेवावा. एलईडीचा उजेड हवाच असेल तर तो वेगळा जास्तीचा दिवा म्हणून लावता येईल. रिलेच लावायचा असेल तर जोडण्या सोल्डर करून त्यांवर हीट-श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवावे, रिले पाणी लागणार नाही अशा जागी बसवावा आणि लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी दर वेळी पुढच्या ब्रेकने एकदा आणि मागच्या ब्रेकने एकदा क्रूझ सुटतो का, हे कमी वेगात तपासावे. दोन्ही स्विच वेगवेगळे असतात, त्यामुळे एकच तपासून भागत नाही.

जांभळी वायर सरळ अर्थला जोडून टाकण्याचा सल्लाही आपल्याला कोणी देईल. तो कृपया ऐकू नये. त्याने क्रूझ लागेल हे खरे, पण ब्रेक दाबताच त्या मार्गाने बॅटरी थेट अर्थ होईल आणि फ्यूज उडेल. वायर ब्रेक लाइटपासून तोडून अर्थ केली असेल तर ब्रेकचा क्रूझशी संबंधच उरणार नाही.

प्रश्न : माझ्या 2006 सालच्या यामाहा एफजेआर 1300 वर व्हॅक्यूमचा क्रूझ कंट्रोल आहे. कॅन्ससच्या सपाटीवर तो तासन्‌तास हलत नाही. पण डेन्व्हरहून आय-70 महामार्गाने पश्चिमेला आयझेनहॉवर बोगद्याकडे चढताना वेग हळूहळू उतरतो आणि थोड्या वेळाने क्रूझ आपणहून सुटतो. सामान लादलेले असेल तर लवकर सुटतो. गळती आहे का? — डेन्व्हर, कोलोरॅडो

उत्तर : थोडी गळती असू शकेल, पण आपण वर्णन केलेल्या रस्त्यावर गळती नसलेला संचही धापा टाकतो आणि त्याचे कारण हवेत आहे.

इनटेकमधला व्हॅक्यूम म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब आणि आतला दाब यांतला फरक. समुद्रसपाटीला बाहेरचा दाब सुमारे 101 किलोपास्कल असतो, डेन्व्हरला, म्हणजे 1,609 मीटर उंचीवर, तो 83 च्या आसपास येतो आणि सुमारे 3,400 मीटरवरच्या आयझेनहॉवर बोगद्यापाशी 66–67 वर उतरतो. म्हणजे पडद्याला ओढणारे बळ जास्तीत जास्त जितके मिळू शकते, त्यातलाच एक तृतीयांश भाग वर गेल्यावर नाहीसा झालेला असतो. त्यात विरळ हवेमुळे इंजिनाची ताकद घटते, तोच वेग राखायला थ्रॉटल अधिक उघडावी लागते, आणि थ्रॉटल जितकी अधिक उघडी तितका इनटेकमधला व्हॅक्यूम कमी. ज्या क्षणी सर्व्होला सर्वांत जास्त ओढायचे असते, नेमक्या त्याच क्षणी त्याला सर्वांत कमी बळ मिळते. वेग ठरवलेल्या आकड्यापेक्षा फार खाली गेला की यंत्रणा स्वतःला सोडवून घेते. आपल्याला दिसते ते हेच.

सर्वांत सोपा आणि फुकटचा उपाय म्हणजे चढ सुरू होण्याआधी एक गिअर खाली घेऊन मग क्रूझ लावणे. तोच वेग इंजिनाच्या जास्त फेऱ्यांवर राखताना थ्रॉटल कमी उघडावी लागते आणि व्हॅक्यूम पुष्कळच सुधारतो. एफजेआरसारख्या 1298 सीसीच्या चार सिलिंडरच्या इंजिनाला त्याचा काही त्रास नाही. पेट्रोल थोडे जास्त लागेल एवढेच.

त्यानंतर नळ्यांकडे पाहावे. व्हॅक्यूम एकाच सिलिंडरच्या इनटेकमधून घेतला असेल तर तो सलग न राहता ठोक्याठोक्याने येतो. थ्रॉटल बॉडींचे सिंक्रोनायझेशन करण्यासाठी जी तोंडे दिलेली असतात, त्यांपैकी दोन किंवा चारही तोंडांतून व्हॅक्यूम गोळा केला तर पुरवठा भरीव होतो, मात्र प्रत्येक नळीवर स्वतंत्र चेक व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) हवा. तो नसेल तर सिलिंडर एकमेकांशी नळीतूनच बोलू लागतात आणि आयडलिंग बिघडते. इंजिनाच्या प्रेशर सेन्सरकडे जाणाऱ्या नळीत टी (तीन तोंडांचा जोड) लावून व्हॅक्यूम घेऊ नये. कारण त्या सेन्सरच्या मोजमापावर इंधनाचे प्रमाण ठरते, आणि सर्व्होने ओढलेल्या प्रत्येक घोटागणिक ते प्रमाण डळमळेल.

चेक व्हॉल्व्हच्या पुढे, सर्व्होच्या अलीकडे, व्हॅक्यूम साठवणारी छोटी टाकी असावी. पुष्कळ जण जाड पीव्हीसी पाइपचा तुकडा दोन्ही बाजूंनी टोपण चिकटवून वापरतात आणि तो चांगला चालतो. पाण्याची प्लॅस्टिक बाटली चालत नाही. ती आत चेपते. टाकी सपाटीवर भरून ठेवलेला व्हॅक्यूम चढाच्या पहिल्या भागात पुरवते. मैलोन्‌मैल चालणाऱ्या चढाला मात्र ती पुरी पडत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

गळती शोधण्यासाठी सर्व्होच्या तोंडापाशी टी लावून व्हॅक्यूम गेज जोडावा, इंजिन आयडलिंगवर थोडा वेळ चालवून बंद करावे आणि काट्याकडे पाहावे. काटा जागच्या जागी राहिला तर टाकी, नळ्या आणि चेक व्हॉल्व्ह ठीक आहेत. तो झरझर खाली आला तर कुठेतरी हवा शिरते आहे. इंजिनाच्या उष्णतेने कडक झालेल्या नळ्यांची टोके पहिल्यांदा तपासावीत. तिथे बारीक भेगा सापडतात आणि टोकाचा अर्धा इंच कापून नळी पुन्हा चढवली की पुष्कळदा काम होते. चेक व्हॉल्व्ह काढून तोंडाने फुंकून पाहावा. एका बाजूने श्वास सहज जायला हवा आणि दुसऱ्या बाजूने मुळीच जाता कामा नये. तो उलटा बसवलेलाही मी पाहिला आहे, आणि अशा गाडीवर क्रूझ लागतच नाही.

एवढे करूनही कोलोरॅडोच्या घाटांत आपल्याला समाधान मिळाले नाही, तर व्हॅक्यूमचा नाद सोडून विजेच्या मोटरवर चालणारा सर्व्हो घ्यावा. ऑस्ट्रेलियातील एमसीक्रूझ ही कंपनी मोटारसायकलींसाठीच असे संच बनवते. मोटरला हवेच्या दाबाशी देणेघेणे नसल्यामुळे उंचीचा प्रश्नच मिटतो. यामाहाने स्वतः एफजेआरला 2013 च्या मॉडेलपासून इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल आणि त्यावर चालणारा क्रूझ कंट्रोल दिला, त्यातही व्हॅक्यूम कुठे नाही.

प्रश्न : माझ्या कावासाकी कॉनकोर्स झेडजी 1000 वर मागच्या चाकाला चुंबक आणि सेन्सर लावून वेगाचा संकेत घेतला आहे. क्रूझ लागतो, पण गाडी सतत पुढे-मागे डुलते. वेग ताशी तीन-चार मैलांनी वाढतो, मग उतरतो, पुन्हा वाढतो. सर्व्होची निळी वायर मी न जोडता सोडली आहे. — ह्यूस्टन, टेक्सस

उत्तर : आधी सर्व्होची केबल थ्रॉटलशी जोडणारी मण्यांची साखळी पाहावी. ती ताणलेली नसावी आणि लोंबणारीही नसावी. दोन-तीन मिलिमीटरची ढील पुरेशी असते. ढील जास्त असेल तर सर्व्हो ओढू लागल्यावर थ्रॉटलला ते उशिरा कळते, तोवर वेग पडलेला असतो, मग तो अधिक जोराने ओढतो, आणि हा पाठलाग संपत नाही. साखळी फार ताठ असेल तर थ्रॉटल पूर्ण मिटत नाही आणि ते अधिक धोकादायक आहे. इंजिन आयडलिंगवर ठेवून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे. फेरे किंचितही वाढता कामा नयेत.

साखळी ठीक निघाली तर चुंबक मोजावेत आणि त्यांच्यातले अंतर पाहावे. ते चाकावर समान अंतरावर नसतील तर चाक एकाच वेगाने फिरत असूनही स्पंद कमीजास्त अंतराने येतात आणि सर्व्होला वेग सारखा बदलतो आहे असे वाटते. आपल्या गाडीच्या मागच्या चाकाचा घेर साधारण दोन मीटर धरला तर मैलाला सुमारे 800 फेरे होतात, आणि चार चुंबक असतील तर सुमारे 3,200 स्पंद. सर्व्होच्या रबरी टोपणाखालच्या डिप स्विचवर (छोट्या खटक्यांच्या ओळीवर) या आकड्याच्या सर्वांत जवळचा पर्याय निवडलेला आहे का, हे माहितीपुस्तिकेतल्या तक्त्यावरून पाहावे. तिथेच संवेदनशीलतेचाही पर्याय असतो. मोटारसायकल हलकी आणि ताकदवान असल्यामुळे तिला सर्वांत कमी संवेदनशीलता मानवते, पण मोटारीच्या सवयीने तो बहुतेकदा वर ठेवलेला आढळतो. सेन्सरची वायर स्पार्क प्लगच्या वायरजवळून नेली असेल तर ती दूर घ्यावी, कारण ठिणगीचा विद्युत-गोंगाट तिच्यात मिसळतो.

आपण निळी वायर न जोडता सोडली असल्याचे लिहिले आहे. ती इग्निशन कॉइलच्या निगेटिव्ह टोकाला अवश्य जोडावी. क्रूझ चालू असताना क्लच दाबला गेला तर इंजिनाचे फेरे एकदम चढतात, आणि ते ओळखून सर्व्होला सोडवणारी ही एकच वायर आहे. ऑटोमॅटिक गिअरच्या मोटारीत तिचे महत्त्व जाणवत नाही, आपल्या गाडीवर जाणवेल.

प्रश्न : माझ्याकडे रॉयल एन्फील्ड इंटरसेप्टर 650 आहे. पुण्याहून बेळगाव, गोवा असे प्रवास होतात आणि उजवे मनगट दुखते. क्रूझ कंट्रोल बसवता येईल का, की थ्रॉटल लॉक पुरेल? — पुणे

उत्तर : आपल्या गाडीची थ्रॉटल केबलवर चालते, त्यामुळे तत्त्वतः सर्व्हो बसवता येईल. पण दोनच सिलिंडरचा व्हॅक्यूम, सर्व्होसाठी मोकळी जागा आणि वायरिंगची एवढी जुळवाजुळव पाहता मी तो खटाटोप सुचवणार नाही. आपल्याकडे त्याचा उपयोगही मर्यादित आहे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग यांवर दुचाकींना प्रवेश नाही, आणि राष्ट्रीय महामार्ग 48 वर उलट दिशेने येणारा ट्रॅक्टर किंवा दुभाजकातून अचानक निघालेली दुचाकी हा रोजचा प्रकार आहे. नवी गाडी घेणार असाल तर गोष्ट वेगळी. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या गाड्यांत क्रूझ कंट्रोल कंपनीच देऊ लागली आहे, उदाहरणार्थ 2023 मध्ये आलेली टीव्हीएस अपाची आरटीआर 310.

थ्रॉटल लॉक हा क्रूझ कंट्रोल नव्हे. तो वेग धरत नाही, फक्त मूठ आहे तिथे धरतो. चढावर गाडी मंदावते, उतारावर धावते, आणि ब्रेक दाबल्याने तो सुटत नाही. मनगटाच्या दुखण्यावर मुठीला अडकवायची तळहाताची पट्टी अधिक बरी, कारण तिच्यावर हात टेकवून बोटे सैल ठेवता येतात आणि हात उचलताच थ्रॉटल मिटते. त्याआधी हँडलबारची उंची आणि मुठीची जाडी आपल्या हाताला जुळते का, तेही एकदा पाहावे. मूठ बारीक असेल तर ती घट्ट आवळावी लागते आणि दुखणे तिथूनच सुरू होते. तरीही लॉक घ्यायचाच असेल तर घर्षणावर चालणाराच घ्यावा. विकत घेण्याआधी, इंजिन बंद असताना, तो मुठीवर लावून मनगटाच्या साध्या हालचालीने थ्रॉटल पूर्ण मिटवून पाहावी, आणि त्यासाठी किंचितही जोर लावावा लागला तर तो घेऊ नये.